बाबांचं एक वाक्य

रूसे, १२ नोव्हेंबर

प्रिय यावोर,

बुर्गासला वारा सुटलाय म्हणे. कान बांधून बंदरातल्या क्रेनवर चढत जा. इकडे सगळं ठीक. भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या भरून ठेवल्यात, तुझ्या वाटणीचीही आहे.

बाबांवरचा माझा माहितीपट संपत आला. आणि हो, बाबा ते वाक्य बोलले. "यावोरच्या बाबतीत मी चुकलो." रंगमंचावर, एकट्या खुर्चीत बसून, कॅमेऱ्यासमोर. ते ऐकल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही म्हणाला होतास ना?

पण यावोर, मी पार वैतागलेय रे. नटाने काहीच केलं नाही तर रंगमंचावर काय उरतं, एवढंच मला टिपायचं होतं. पण या माणसाला नुसतं बसता येईल तर शपथ! गप्प बसा म्हटलं की गप्प बसण्याचा अभिनय करतात. तू एकोणीस वर्षांचा असताना अख्ख्या नाटकमंडळीसमोर तुला "तू आलास की रंगमंच रिकामा वाटतो" म्हणाले होते, तेही आवाज लावूनच.

हे सांगणार नव्हते, पण ते वाक्य मीच लिहून त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी ते कितीतरी वेळा म्हटलं. कधी घोगऱ्या आवाजात, कधी डोळ्यांत पाणी आणून. दर वेळी वर मलाच विचारायचे, चाललं का म्हणून. आमचा कॅमेरावाला स्टामेन खूश. माझं डोकं फिरलं. म्हटलं, पुरे झालं, घरी चला.

उठताना त्यांच्या हातातून कागद पडला.

आपल्या नटांची रीत तुला ठाऊकच आहे. संहिता पडली की आधी तिच्यावर बसायचं, मगच उचलायची, नाहीतर भूमिका फसते. बाबा आयुष्यभर या प्रकाराला हसत आले. आणि परवा तेच बाबा, गुडघे धरत धरत, त्या कागदावर जमिनीवर बसले. स्टामेनला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत.

"हे फसायला नको गं, नेवेना," एवढंच म्हणाले.

मग त्यांना उठता येईना. मी काखेत हात घालून उठवलं. किती हलके झालेत.

कॅमेरा चालूच होता, पण खुर्चीवर रोखलेला. चित्रात बाबा नाहीतच, नुसता खालून त्यांचा आवाज येतो. बाकीचे सगळे तुकडे मी पुसून टाकले. हा एक पाठवतेय.

तो बघ, आणि मला सांग, रंगमंच रिकामा वाटतो का.

बरणी न उघडता थांबलेली,
तुझी ताई
नेवेना