कुंभिवलीच्या आवारातील चालकाची जागा नको असल्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा सेवायोजन अधिकारी,
जिल्हा सेवायोजन कार्यालय,
अलिबाग, जिल्हा कुलाबा.

अर्जदार : श्रीपत काळूराम सोनावळे, राहणार भिसेगाव, कर्जत.

विषय : तेल प्रकल्पाच्या वाहतुकीवर ट्रकचालक म्हणून मिळालेली नोकरी नाकारणे व माझे नाव नोंदणीत कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : १) आपल्याकडून आलेले मुलाखतीचे कार्ड, एप्रिल १९७९.
२) ठेकेदाराचे नेमणूकपत्र, जून १९७९.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की, संदर्भ क्रमांक दोनची नोकरी मला नको आहे. मिळालेली नोकरी नाकारणाऱ्याने कारण लेखी द्यावे, थोडक्यात दिले तरी चालेल, असे मला सांगण्यात आले. मी थोडक्यात लिहून पाहिले. ‘वैयक्तिक अडचण’ एवढेच शब्द झाले, आणि ते खोटे आहेत. म्हणून सविस्तर लिहीत आहे. वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

२. मी लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होतो. उस्तादाच्या हाताखाली गाडी शिकलो आणि गेल्या थंडीत अवजड वाहनाचे लायसन काढले. त्या वेळी कर्जतच्या नाक्यावर एकच बोलणे होते, की समुद्रात तेल लागले आहे, उरण बाजूला पाइप, सिमेंट आणि पोती पोचवायला गाड्या पुरत नाहीत, चालकाला घरून उचलून नेतात. मला कोणी उचलून नेले नाही. हायवेवर कुंभिवलीला उभा राहून मी प्रत्येक थांबलेल्या गाडीला विचारीत असे. “नवा हाय रं, अजून कागदाचा वास हाय तुला,” असे म्हणून चालक हसत व निघून जात. अशात आपले कार्ड आले. आमच्या घरी आईने ते शेजारणींना दाखविले.

३. कार्डाप्रमाणे मी ठेकेदाराच्या कुंभिवलीच्या आवारात हजर झालो. त्या दिवशी आम्ही चार नवे चालक होतो. व्यवस्थापक दत्तोपंत यांनी माझे लायसन दोन्ही बाजूंनी वाचले आणि विचारले, “भिसेगावात नक्की कुठं राहता?” हा प्रश्न कशासाठी विचारतात हे आपणास सांगणे नको. मी सांगितले, बुद्धविहाराच्या मागे. त्यांनी मान हलविली. इतर तिघांना पाइपांच्या गाड्यांवर पाठविण्यात आले. मला एक खरवडणी, एक बादली व गोणपाटाचे तुकडे देण्यात आले.

४. सदर आवारात एक टँकर होता. तेलाच्या टाक्यांच्या तळाशी बसलेला गाळ त्यातून नेऊन कोठेतरी ओतून येत. उन्हाळ्यात कामगारांच्या वस्तीवर पाणी कमी पडू लागले, तेव्हा तोच टँकर आतून खरवडून पिण्याच्या पाण्याला लावायचे ठरले. होय महोदय, पिण्याच्या. वरच्या झाकणातून आत उतरायचे, काळा चिकट गाळ हाताने बादलीत भरायचा, दोराने वर द्यायचा. आत उजेड नाही, वारा नाही. तो वास नाकात शिरत नाही, घशात बसतो. घरी गेल्यावर भाकरीला तोच वास, अंगावर घेतलेल्या गोधडीला तोच. मी दत्तोपंतांना विचारले की, मी चालक म्हणून आलो आहे, हे काम मला का? ते म्हणाले, “आठ दिवस गाडी आतून ओळख, मग बाहेरून चालव. आणि तुमच्या लोकांना वासाची सवय असतेच की.” हे ते रागाने म्हणाले नाहीत. चहा पिता पिता म्हणाले.

माझे वडील काळूराम यांनी छप्पन साली धम्म घेतला, त्या दिवसापासून मेलेले ढोर ओढणे बंद केले. त्यासाठी गावाने त्यांना जे दाखवायचे ते दाखविले, तो विषय या अर्जाचा नाही. परंतु मी पहिल्या दिवशी घरी गेलो, तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मला पाहून नाकाला हात लावला नाही. एवढेच म्हणाले, “आमी गावात सोडलेलं काम तू हायवेवर जाऊन धरलंस व्हय?” मी म्हणालो, आठच दिवस आहेत, मग स्टेअरिंग मिळणार आहे. ते आत निघून गेले.

५. माझ्याबरोबर जैतू नावाचा कातकरी गडी होता, कळंबकडच्या वाडीवरचा. आम्ही पाळीपाळीने आत उतरत असू. ज्या दिवशी प्रकार घडला, त्या दिवशी ऊन फार होते व टाकीचा पत्रा हात लागू देत नव्हता. आधी मी उतरलो. डोके गरगरले, वर येऊन चाकापाशी ओकलो. मी दत्तोपंतांना सांगितले की, आज आत जाण्यासारखे नाही, झाकण उघडे ठेवून एक दिवस जाऊ द्या. ते म्हणाले, “संध्याकाळी पाणी भरायचंय, ते काय तू डोक्यावरून नेणार?” जैतू माझ्याकडे बघून म्हणाला, “तू बस रं सावलीत. थोडाच ऱ्हायलाय, मी काढतो.” तो उतरला. दोन बादल्या वर आल्या. तिसऱ्या वेळी दोर हलला नाही. हाका मारल्या, उत्तर नाही.

मी तोंडाला ओले फडके बांधून आत उतरलो, त्याच्या काखेतून दोर घातला व आवारातल्या दोघांनी वरून ओढले. त्याचे डोळे उघडे होते. टँकरचा चालक जेवायला गेला होता, किल्ली गाडीतच होती. जीप होती, ती साहेबांची आहे म्हणून मिळाली नाही. मी जैतूला केबिनमध्ये घातले व टँकर खोपोलीच्या दवाखान्यात नेला. महोदय, तेल प्रकल्पाच्या कामावर मी गाडी चालविली ती ही एवढीच. डॉक्टर सरोजिनीबाईंनी त्याला टेबलावर घेतले, पुष्कळ खटपट केली, आणि मग हात बाजूला केले. पाठोपाठ दत्तोपंत जीपने आले (त्यांना ती मिळाली) व दारातूनच म्हणाले, हा प्यायलेला होता. त्यावर बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “मी त्याच्या तोंडाजवळ होते, तुम्ही नव्हता. दारूचा वास नाही, तेलाचा आहे.”

६. मला वाटले, आता मला हाकलतील. न विचारता टँकर नेला म्हणून दत्तोपंत तसे बोललेही होते. परंतु पुढच्या आठवड्यात ते स्वतः भिसेगावात आले. आमच्या घरात खुर्चीवर बसले, आईने दिलेले पाणीसुद्धा प्याले. त्यांनी नेमणूकपत्र काढून माझ्या हातात दिले. पाइपांची गाडी, नवी, पक्की नोकरी. वडिलांकडे बघून म्हणाले, “मुलगा हुशार आहे तुमचा. भरल्या रस्त्यातून टँकर काढला त्यानं.” मग मला म्हणाले, कामगार अधिकारी चौकशीला येणार आहेत. तेव्हा एवढेच सांगायचे, की जैतू सकाळपासून झिंगलेला होता आणि नको म्हणत असताना आत उतरला.

मला किळस आली. टाकीत आली त्यापेक्षा जास्त. तो गाळ निदान धुता येत होता. हा मनुष्य आमच्या घरात बसून, आमचे पाणी पिऊन, मेलेल्याच्या तोंडात दारू ओतीत होता, आणि ती ओतायला माझा हात मागत होता. मी विचार करून सांगतो म्हणालो, कारण त्या वेळी माझ्या तोंडून दुसरे काही बाहेर पडले असते आणि आई समोर होती.

७. दुसऱ्या दिवशी जैतूची बायको सोनुबाई वाडीवरून चालत आमच्याकडे आली. तिलाही कोणी सांगितले होते, की तुझा नवरा पिऊन मेला, तुला काही मिळायचे नाही. ती उंबऱ्याबाहेर बसली. वडील आत ये म्हणाले, तरी आली नाही. मला म्हणाली, “पियाचा तो. मी खोटं नाय बोलनार. पन त्या दिशी नव्हता प्याला. मी भाकर बांधून दिलती, माझ्यासमोर गेला. तू व्हतास ना तिथं? सांगशील ना तू?”

मी तिला हो म्हणालो आहे.

८. सबब विनंती की, सदर नोकरी मी स्वीकारीत नाही, याची नोंद व्हावी व त्या कारणास्तव माझे नाव कमी करू नये. परिच्छेद पाचमधील हकीकत माझी जबानी समजून मा. कामगार अधिकारी यांजकडे पाठवावी. बोलावतील तेथे व त्या दिवशी मी हजर राहीन. त्या आवारातून आपल्याकडे पुन्हा ‘चालक पाहिजे’ अशी मागणी आल्यास, ज्या मुलाला कार्ड पाठवाल त्याला त्या टँकरचे झाकण आधी दाखवावे. तो टँकर अजून पाणी नेत आहे. काल मी हायवेवर उभा होतो तेव्हा तो माझ्यासमोरून गेला, आणि मागच्या नळातून पाणी गळत होते.

नम्रपणे, पण नकार कायम ठेवून,

श्रीपत काळूराम सोनावळे
भिसेगाव, कर्जत
दिनांक : १८ जून १९७९

सोबत : ठेकेदाराचे नेमणूकपत्र, सही न करता परत.