ऐकू आलं नाही

रविवार, ९ फेब्रुवारी

मैदान सोडलं आम्ही. एक-शून्यने पुढे असताना! आमचा लांब्या बॉल घेऊन विंगवरून निघाला की प्रेक्षकांच्या भिंतीकडून ओरडा – बायल्या, बायल्या. म्हणे आधी एकच आवाज होता, मग पाच-पंचवीस. मी पार लांब, गोलमध्ये. मला नुसता गलका कळला. क्लबचा नियम ठरलेला आहे – एकदा रेफरीला सांगायचं, पुन्हा झालं तर सगळ्यांनी बाहेर. कॅप्टनने सांगितलं. पुन्हा झालं. निघालो.

रेफरी म्हणजे माझा सख्खा दादा. त्याने नुसतं घड्याळ पाहिलं.

सोमवार, १०

दादाचा अहवाल कमिटीकडे गेला. 'संघाने विनाकारण मैदान सोडले. आक्षेपार्ह काही ऐकू आले नाही.' ऐकू आलं नाही! या माणसाला दोन खोल्यांपलीकडून माझी फोनवरची कुजबुज ऐकू येते.

याआधी दोनदा सोडलंय मैदान. तिसऱ्यांदाही विनाकारण ठरलं तर लीगमधून नाव कटणार. २१ला सुनावणी.

बुधवार, १२

कॅप्टनबरोबर लीगच्या सेक्रेटरीकडे गेलो. म्हणतो, रेफरीने ओरडणाऱ्याचं नाव लिहून दिलं तरच काही करता येईल, 'गर्दीतून कोणीतरी' चालत नाही. बाहेर आल्यावर कॅप्टन म्हणाला, घरचाच रेफरी आहे तुझा, बोल की त्याच्याशी. घरचाच! म्हणून तर दातखीळ बसते माझी.

शनिवार, १५

दुकानात एका आजोबांच्या चष्म्याच्या काचा चुकवल्या – डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला घासून ठेवला. मालक फाडफाड बोलला. बरोबरच होतं त्याचं.

घरी बाबा माझ्या ग्लोव्हजची उसवलेली शिवण घालत बसले होते. लहानपणापासून माझी एक मॅच चुकवली नाही त्यांनी. सुनावणीचं सांगितलं. म्हणाले, खेळाच्या भरात जातं कोणाच्या तोंडून काहीबाही, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. चांगल्या पोरांचा दुसरा क्लब बघ म्हणाले.

रविवार, १६

सरावाला सहा जण. चौदातले सहा! लांब्या आलाच नाही. त्याने बूट कॅप्टनकडे पाठवून दिलेत, कोणाला होत असतील तर घाला म्हणून. कोणी हात लावला नाही.

दुसरा क्लब, दुसरा क्लब. लांब्याला कोण घेणार? आणि मला तरी, खरं कळल्यावर? आठवड्यातले हे दोन तासच मी माझा असतो. बाकी सहा दिवस दुकानात आणि घरात सोंग वठवायचं. हे दोन तासही गेले तर मी काय करणार आहे, मला खरंच माहीत नाही.

बुधवार, १९

दादाला गच्चीवर गाठलं. कपडे वाळत घालत होता. भित्रा म्हणालो, विकला गेलास म्हणालो, तोंडाला येईल ते बोललो. चिमटे लावत राहिला. मग म्हणाला, "तू तिथे नुसता फुटबॉलसाठीच जातोस ना? मग जीव का जाळतोस?"

बोलून गेलो. नुसता फुटबॉलसाठी नाही, दादा. लांब्याला जे म्हणाले ना, तोच मी.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा हे शब्द तोंडातून बाहेर पडले. तो ओला शर्ट हातात धरून तसाच उभा. पाणी पायावर ठिबकत होतं. मग विचारलं, "बाबांना माहीत आहे?"

नाही म्हटलं. तो बादली तिथेच टाकून खाली गेला. मी उरलेले कपडे वाळत घातले.

गुरुवार, २०

दादा दिवसभर माझ्याकडे बघत नाहीये. क्लबही गेला, दादाही गेला.

शुक्रवार, २१

क्लब राहिला. दादाने नवा अहवाल दिला, सहीनिशी. कॅप्टनने मला उचललंच. मग सेक्रेटरीने ओरडायला सुरुवात करणाऱ्याचं नाव वाचलं – आमच्या बाबांचं.

आईने जेवायला दोनदा हाक मारली. माझी जागा बाबांच्या समोर आहे.