खाली न बघता

९ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. आई आणि मी, दोघी बऱ्या आहोत. शाळेचे गणवेश शिवून संपले, आता दवाखान्याचे पांढरे कोट आलेत. मशीन दिवसभर चालू असतं आणि आम्ही एकमेकींशी ओरडून बोलतो. तुझी खोली कापडाच्या ताग्यांनी बळकावली आहे. आलास की त्यांच्यावरच झोप.

फोन उचलत नाही म्हणून रागावलास. मशीनच्या आवाजात कळत नाही. आणि पत्रात तू जास्त शहाण्यासारखा बोलतोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. ‘वकीलसाहेब, हुकूम करा. टॅबलेट की छोटा लॅपटॉप?’ दोन्हीची चित्रं कापून पाठवलीस, ती आईनं शिवणाच्या मापांसारखी भिंतीला टाचून ठेवली आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवते.

माझ्या बाकावर एक मुलगी बसते. केसांवरून सगळे तिला कुरळी म्हणतात. तिच्याकडे टॅबलेट आहे. ‘घे, तासभर मिरव,’ म्हणाली. मी एक अख्खा तास त्यावर लिहिला. हलका आहे, दिवसभर चालतो, पेन्सिल कागदावर टेकल्यासारखी टेकते. कायद्याच्या कलमांच्या बाजूला बाण काढता येतात, समासात शंका लिहिता येतात. जाडजूड पुस्तकं त्यातच मावतात. माझं अक्षर माझ्या अक्षरापेक्षा बरं आलं.

लॅपटॉप जड. बाण काढता येत नाहीत. कीबोर्डच्या कळा वाजतात. मागच्या वर्षी एकाला सर म्हणाले होते, ‘ही कचेरी आहे का?’ चार्जिंगची जागा फक्त शेवटच्या भिंतीला आहे आणि मी पहिल्या बाकावर बसते. मुलं मला पुढारी म्हणतात. म्हणू देत.

म्हणजे कुठूनही बघितलं तरी टॅबलेट सरस आहे.

मला लॅपटॉप घे.

टायपिंगची सवय होईल, पुढे कामाला येईल. गेल्या सुट्टीत आईच्या ओळखीच्या टायपिंगवाल्या बाईंकडे जात होते, आठवतं का? त्या शिकणाऱ्याच्या बोटांवर रुमाल टाकतात आणि म्हणतात, ‘आता लिही.’ पहिला आठवडा नुसता चिखल. मग एके दिवशी बोटांनाच कळायला लागलं. ते फुकट जाऊ नये, एवढंच.

आई म्हणते, जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
पुढारी

२६ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. तुझा सर्दी-खोकला गेला असेल. आईनं तुझ्यासाठी दोन सदरे शिवलेत, खांदे सैल ठेवलेत.

तू लिहितोस, ‘स्वतःच टॅबलेटचे गोडवे गातेस आणि लॅपटॉप घे म्हणतेस. कुणाच्या कचेरीत टायपिस्ट होणार आहेस? दुकानदारही म्हणतो, हातानं लिहिलेलं डोक्यात राहतं. रविवारी टॅबलेटच घेतो.’ दुकानदार खोटं बोलत नाही. तुझंही चुकलं नाही. मी तुला खरं कारण दिलं नाही, तर तू बरोबर उत्तर कुठून देणार? म्हणून रविवारच्या आधी हे पोचायला हवं.

कुरळीच्या टॅबलेटवर मी लिहिलेलं पान तुला सांगायचं राहिलं. अक्षर छान होतं, पण एकाही वाक्याला शेवट नव्हता. ‘ताबा ज्याच्याकडे आहे त्यानं’, इथे थांबलेलं. ‘जर साक्षीदार’, इथे थांबलेलं. माझ्या वह्याही अशाच आहेत. लिहायला मान खाली घातली की सर बोलायचे थांबतात. म्हणजे ते थांबत नाहीत. माझ्यापुरते थांबतात.

मी सरांचे ओठ वाचते, दादा.

गेल्या हिवाळ्यात उजव्या कानापासून सुरू झालं. मी कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. दोन्ही कानांच्या नसा हळूहळू थकत जाणार, म्हणाल्या. किती आणि कधी, ते त्यांना सांगता येत नाही. कानात घालायचं यंत्र दिलंय. त्यानं आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. केस मोकळे सोडते, दिसत नाही. आईला वाटतं, कॉलेजात गेल्यापासून नटायला लागले.

घरात कुणाला कळलं नाही याचं नवल नको. आपल्या घरी सगळे आधीपासून ओरडूनच बोलतात. मात्र आईच्या ओठांत टाचण्या असतात, तेव्हा पंचाईत होते. मी नुसती ‘हो’ म्हणते. परवा अशाच एका ‘हो’ला ती शिवता शिवता थांबली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा मशीन सुरू केलं.

सरांना झुपकेदार मिशी आहे. मिशी कापा, असं सरांना कोण सांगणार? अर्धा ओठ दिसतो, उरलेला मी अंदाजानं भरते. पण त्यासाठी नजर हलवून चालत नाही. टॅबलेटवर लिहायचं तर खाली बघावं लागतं. त्याच्या काचेवर टाइप करायचं तरी बघावं लागतं, बोटांना कळांचे उंचवटे लागत नाहीत. वेगळा कीबोर्ड जोडून पाहिला. आमचे बाक उतरते आहेत, उभा केलेला टॅबलेट घसरतो आणि एक हात त्याला धरण्यात जातो. लॅपटॉप मांडीवर घट्ट बसतो. मी सरांकडे बघते, बोटं आपलं काम करतात. टायपिंगवाल्या बाईंचा रुमाल त्यासाठी होता. मी सुट्टी घालवायला जात नव्हते.

कुरळीनं ओळखलं. मागून हाक मारली, मी वळले नाही. मग पुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘मला वाटलं, तू शिष्ट आहेस.’ त्यानंतर म्हणाली, ‘बोललेलं आपोआप लिहून देणारी सोय असते आता.’ आम्ही लावून पाहिली. सर वर्गभर फिरत बोलतात, मिशीतल्या मिशीत. त्या सोयीला माझ्याहून कमी समजलं. पुढे सुधारेल, आणि ती सोय लॅपटॉपवरही असते. तोपर्यंत माझे डोळे आहेत.

मला भीती सरांची नाही. आईला कळलं की ती रागावणार नाही. मायेनंच म्हणेल, ‘बस झालं आता, ये मशीनवर. इथे कान लागत नाहीत.’ आणि ते खरं आहे, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. तू तिकडे सगळ्यांना सांगत असशील, आमची बहीण वकील होणार. समोरच्याचं ऐकू न येणारी वकील कशी असते, मला माहीत नाही. मला ती होऊन बघायचं आहे. मध्येच उठायचं नाही.

तुझ्या बंदरातल्या धक्क्यावर मी आले होते, तो दिवस रोज आठवतो. तू क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये, इतका वर की तुझा चेहराही दिसेना. खाली पिवळ्या टोपीचा माणूस हात हलवत होता. संध्याकाळी मी विचारलं, ‘तुला एवढ्या वर ऐकू कसं येतं?’ तू म्हणालास, ‘येत नाही. दिसतं. तेवढ्यावर अख्खं जहाज रिकामं होतं.’ मग चहाच्या टेबलावर खुणा शिकवल्यास. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. आणि एका हाताच्या खुणेवर दुसऱ्या हाताचा तळवा स्थिर धरला, की तेच, पण हळू.

मला ती शेवटची अजून येते.

तेव्हा लॅपटॉप घे, आणि पाठवू नकोस. घेऊन ये. आईला आपण दोघं मिळून सांगू. ती टाचण्या काढून ठेवेल तेव्हा सांगू. बोलताना खिडकीकडे तोंड करून बस, दाढी करून ये, आणि मी नुसतीच ‘हो’ म्हणाले तर विश्वास ठेवू नकोस. मला कळलं नाही असं वाटलं तर आवाज चढवू नकोस. दुसरा तळवा वर धर.

या वेळी केबिनमध्ये मी आहे. खाली तू उभा राहा.

तुझ्या हातांकडे बघत,
तुझी वकीलसाहेब