विहिरीतलं गाणं

८ जानेवारी, सोमवार

आला एकदाचा! चेन्नईहून तमिळ सिनेमा आला — चौदा रिळं, काळा-पांढरा, साठ वर्षांपूर्वीचा. नाव इथेही लिहायचं नाही, गुप्ततेच्या कागदावर सही केलीय तशी. आमच्या स्टुडिओच्या मृणालिनी मॅडम म्हणाल्या, "कल्पिता, आवाज तुझ्याकडे. खरखर काढ, गाणी वाचव. महिना आहे."

मला तमिळचं ओ की ठो कळत नाही. शेजारच्या टेबलावर चंद्रप्रकाश याच सिनेमाच्या चित्रावरचे ओरखडे पुसतोय. म्हणाला, "मी सांगतो ना अर्थ. गोवंडीला आमच्या भिंतीला भिंत लागून तमिळ लोक होते."

चार वर्षं शेजारी बसतोय. हे माहीत नव्हतं!

११ जानेवारी, गुरुवार

गोष्ट अशी — मोठ्या घरात लग्न होऊन आलेली एक मुलगी. गळा सुंदर. सासरा म्हणतो, या घरात गाणं चालणार नाही. नवरा मान खाली घालून जेवतो. मग ती काय करते? परसातल्या विहिरीत वाकून गाते. विहीर तिचंच गाणं तिला परत देते.

स्टुडिओत दुपारी बारालाही अंधार. पडद्यावर ती बाई, कानात वीणा, आणि चंद्रप्रकाश बाजूने हळू आवाजात मराठी सांगतोय. बाहेर अंधेरी आहे हे विसरायला होतं. जेवायला निघालो तेव्हा उन्हाने डोळे दिपले, आणि रिक्षावाला काय ओरडला ते मला तमिळच वाटलं.

१४ जानेवारी, रविवार

मढहून परेशच्या घरचे आले होते. आमचा साखरपुडा ११ फेब्रुवारीला ठरला.

परेश वाईट नाही. दोन बोटी आहेत, दारू नाही, बोलणं शांत. त्याची आई म्हणाली, "लग्नानंतर अंधेरीला कशाला जायचं गो? घरचं काम काय कमी हाय?" माझी आई चहा ओतत राहिली. मी बशा पुढे केल्या. पस्तीस पूर्ण होतील आता. आमच्या वेसाव्यात माझ्या वयाच्या बायकांच्या मुली दहावीला आहेत.

परेशने विचारलं, "तू करतेस काय तिथे दिवसभर?" मी फोनवर गाणं लावलं, इयरफोन दिला. दहा सेकंद ऐकलं असेल. "झकास," म्हणाला आणि परत दिला.

१७ जानेवारी, बुधवार

दुसऱ्या गाण्यात खरखरीखाली घटम सापडला! मातीचा घट, त्यावर बोटं वाजतायत. इतकी वर्षं तिथेच होता, कुणाला ऐकू येत नव्हता.

२० जानेवारी, शनिवार

विहिरीच्या गाण्याने वाट लावली. मशीनला खरखर काढायला सांगितलं की ते विहिरीतला घुमणारा आवाजही काढून टाकतं. त्याला तोही कचराच वाटतो! मग उरते नुसती बाई — कपाटात बसून गात असल्यासारखी. शेवटी मशीन बंद केलं. हाताने खरखरीचा एकेक ठिपका पुसतेय. तीन दिवसांत पावणेदोन मिनिटं झाली.

गाणं संपल्यावर ती पाण्याकडे बघून काहीतरी बोलते. चंद्रप्रकाशने सांगितलं — "आवडलं नाही तर सांग. पण ऐकल्याशिवाय सांगू नकोस."

मी म्हटलं, "ती तर दोनच शब्द बोलली रे!"

"तमिळ घट्ट असते गं. मराठीत पसरते."

संध्याकाळी वेसाव्यात बस सोडली आणि चालत घरी आले. गल्लीत बांबूवर बोंबील वाळत होते, मागे खाडीचं पाणी. सगळं काळं-पांढरं दिसत होतं. पावलं दोनदा ऐकू येत होती — एकदा माझी, एकदा कुठून तरी खालून. कोणी पाहिलं असतं तर बाबांच्या नावाने म्हणालं असतं, धर्माची पोर झोपेत चालतेय.

२४ जानेवारी, बुधवार

चंद्रप्रकाशला हैदराबादला काम मिळालंय. पंधरा फेब्रुवारीला जाणार. मोठा स्टुडिओ आहे. मी अभिनंदन केलं. नंतर तासभर एकच सेकंद परत परत वाजवत बसले, पुसायचं काय ते लक्षातच येईना.

२८ जानेवारी, रविवार

आईला विहिरीचं गाणं ऐकवलं. कोळंबी सोलत होती, हात ओले, म्हणून मीच तिच्या कानाला हेडफोन लावला. तिचे हात थांबले. पूर्ण ऐकलं.

"काय बोलते गो ती शेवटाला?"

मी सांगितलं, चंद्रप्रकाशने सांगितलं तसं.

आई म्हणाली, "पोरीला कुणी विचारलंच नाय." आणि परत कोळंबी घेतली.

सिनेमातल्या पोरीबद्दलच बोलली असणार.

१ फेब्रुवारी, गुरुवार

तेराव्या रिळात ती घर सोडून जाते. नवरा दारात उभा. व्हायोलिनं अशी वर चढतात की मी श्वास धरून बसले. चंद्रप्रकाश सांगत होता — "तू गेलीस तर इथल्या शांततेचं मी काय करू?" त्याचा आवाज जरा बसला. सर्दी झालीय म्हणाला.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

चेन्नईहून इंग्रजी सबटायटल्स आली. आवाजाशी जुळतात का बघायला मॅडमनी माझ्याकडेच दिली. चंद्रप्रकाश बँकेत गेला होता.

विहिरीचा प्रसंग. ती पाण्याकडे बघून म्हणते — पाणी आटलंय. एवढंच!

तेरावं रीळ. नवरा दारात म्हणतो — तुझी छत्री राहिली.

मी मागे गेले. पाचवं, सातवं, नववं रीळ. जी वाक्यं मी घरी नेत होते, झोपताना आठवत होते, त्यातलं एकही सिनेमात नाही.

तो आला. मी विचारलं, "तमिळ येतं का रे तुला?"

तो खुर्चीत बसला. "वीसेक शब्द. सगळे नळावरच्या भांडणातले."

"मग हे सगळं?"

"गोष्ट आणि पहिली दोन रिळं मॅडमकडच्या भाषांतराच्या कागदावरून सांगितली. कागद संपला. तू मान कलती करून ऐकत होतीस. मला थांबताच आलं नाही."

"मग ते बोलणं कोणाचं होतं?"

"माझं." मग खाली बघत, "तुझा साखरपुडा कळला तेव्हा थांबायला हवं होतं. चुकलंच. जातोय आता, त्रास नाही होणार."

मला राग आला. खूप आला! फसवलं म्हणून नाही. चार वर्षं शेजारी बसून सरळ मराठीत का नाही बोललास — म्हणून! पण मीही काही बोलले नाही. हेडफोन चढवला आणि काम करत राहिले. काहीही ऐकू येत नव्हतं.

४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी परेशला फोन केला. मीच केला, आईला पुढे केलं नाही. म्हटलं, साखरपुडा नको. त्याने विचारलं, "कोण आहे?"

म्हटलं, "मी आहे."

चंद्रप्रकाशला अजून काही सांगितलेलं नाही.