हाड मऊ करायची माझी पद्धत

सोमवार, ३ मार्च. सकाळी.
आजपासून डायरी. वही मागच्या वर्षीचीच, सतराव्या पानानंतर कोरी होती. वाया कशाला घालवा.
संकल्प: रोज लिहिणे. चहा दोनच कप. घड्याळबाईशी न भांडणे.
घड्याळबाई म्हणजे लॅबमधली नवी टेक्निशियन. गळ्यात टायमर अडकवून फिरते. येऊन दीड वर्ष झालं नाही तर मला शिकवते. मी बावीस वर्षं हेच करतोय. महिनाअखेर इन्चार्ज रिटायर होतात. त्यांच्या जागी मीच. तसं अजून कुणी बोललेलं नाही, पण त्यात बोलायचं काय?

दुपारी १२.
मेहुण्याचं हाड आलं. बायकोचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर शिडीवर. नडगीत गाठ निघालीय. सर्जनने तुकडा काढून आमच्याकडे पाठवला. साधी गाठ असेल तर खरवडून काढतील. वाईट असेल तर पायच काढावा लागेल, असं म्हणाले. सगळं आमच्या रिपोर्टवर.
हाड तसंच कापायला घेतलं तर पात्याला खांडे पडतात. आधी एक दिवस फॉर्मलिनमध्ये मुरवायचं, मग ॲसिडमध्ये ठेवून कॅल्शियम काढायचं. मऊ झालं की पातळ पापुद्रे कापायचे, रंगवायचे, आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मायक्रोस्कोपखाली पेशी बघून निकाल देतात. एरवी आठ-दहा दिवस लागतात. बायकोला सांगून टाकलं, शुक्रवारी रिपोर्ट हातात.

संध्याकाळी ७.
सासूबाईंचा फोन. मला 'जावईबापू' म्हणाल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा. एरवी त्या घरात मी 'बाटलीवाले'. नाव मेहुण्यानेच पाडलंय, लॅबमधल्या बाटल्यांवरून.

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ९.
फॉर्मलिनमध्ये एकवीस तास झाले. एकवीस काय नि चोवीस काय. ॲसिडमध्ये टाकलं. सौम्य ॲसिडला चार-पाच दिवस लागतात, म्हणून कडक घेतलं.
घड्याळबाई म्हणाली, सर, तुकडा जाड आहे, आधी पातळ करून घ्या, आणि थोडासा फॉर्मलिनमध्ये बाजूला ठेवा, काही झालंच तर असू दे. काही झालंच तर! तोंडात साखर पडो हिच्या. अख्खा तुकडा टाकला.
मग म्हणाली, दर चार तासांनी टेस्ट करा. तिची टेस्ट म्हणजे जुनं ॲसिड नळीत घ्यायचं, त्यात दोन औषधं घालायची, पांढरं गढूळ झालं तर कॅल्शियम अजून निघतंय, स्वच्छ राहिलं तर संपलं. मी अंगठ्याच्या नखाने दाबून बघतो. नख रुतलं, काम झालं. ज्याला हात नाही त्याने नळ्या हलवाव्यात. नाचता येईना अंगण वाकडं!
हे सगळं तिला शांतपणे सांगितलं. शेजारच्या खोलीतून शिपाई बघायला आला, पण भांडण नव्हतं ते.
रात्री. चहा: पाच. ॲसिडच्या वासाने घसा धरतो.

बुधवार, ५ मार्च.
सकाळी हाड घट्ट. दुपारी कडेने मऊ, मध्ये घट्ट. ॲसिड बदललं, जरा तेज केलं. रजिस्टरमध्ये टेस्टचा रकाना आहे, त्यात 'ठीक' लिहिलं.
संध्याकाळी मेहुण्याकडे. पाय उशीवर, चेहरा उतरलेला. तरी म्हणाला, या बाटलीवाले, शिजलं का माझं हाड? सगळे हसले. मीही हसलो. मोठ्या माणसाने हसायचं असतं.
निघताना मात्र त्याने हात धरला. हळूच विचारलं, भावोजी, पाय राहील ना? मी म्हटलं, माझ्या हातात आहे, तू निवांत झोप. त्याचे डोळे भरले. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

गुरुवार, ६ मार्च.
इन्चार्जनी सकाळीच सांगितलं, हाडाचे नमुने कसे करायचे यावर नोट लिहून द्या, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. पुढचा माणूस कोण हे त्यांच्या डोळ्यांत दिसलंच. दिवसभर तेच लिहीत बसलो. साडेचार पानं. नियम सहावा: 'नमुना ॲसिडमध्ये टाकून कधीही विसरू नये.' हा नियम मला स्वतःला फार आवडला.
संध्याकाळी सहाला बरणी आठवली.
नख लावलं तर आरपार. नुसतं लोणी! इतकं मऊ हाड बावीस वर्षांत केलं नव्हतं. घड्याळबाईला मुद्दाम दाखवलं. तिने एकदा बरणीकडे बघितलं, एकदा टायमरकडे. जळते.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी.
काय पापुद्रे निघाले! एक फाटला नाही. बायकोला मेसेज: दुपारपर्यंत कळेल.

दुपारी २.
रंग चढत नाही. पेशींची केंद्रकं निळी दिसायला हवीत, बाकी गुलाबी. इथे सगळंच गुलाबी. निळा रंग जुना असणार. नवी बाटली फोडली.

३.१५. गुलाबी.

३.४०. नळाच्या पाण्याचा दोष असावा. डिस्टिल्ड वॉटरने धुतलं. दुप्पट वेळ रंगात ठेवलं.

४.३०. गुलाबी.

५.३०. मॅडमनी बघितलं. म्हणाल्या, ॲसिडने केंद्रकं खाऊन टाकली आहेत, यावरून मी चांगलं-वाईट काहीच सांगू शकत नाही. फॉर्मलिनमधला राखून ठेवलेला तुकडा मागितला. नाही म्हटलं. टेस्ट कुणी केली विचारलं. रजिस्टर उघडलं. माझ्याच अक्षरात 'ठीक, ठीक, ठीक'.
घड्याळबाई तिथेच उभी होती. गळ्यातल्या टायमरची दोरी सरळ करत होती. त्याचाच जास्त राग आला.
बायकोचे अकरा मिस्ड कॉल.

शनिवार, ८ मार्च.
घरी सांगितलं, सर्जनने तुकडाच कमी काढला, त्याला आम्ही काय करणार. तसं पाहिलं तर खोटं नाही. जास्त काढला असता तर जास्त उरला असता.
बायकोने आईला सांगितलं, आईने मेहुण्याला. मेहुणा तापला. बसल्या जागेवरून त्याने सर्जनला फोन लावला आणि नको नको ते बोलला. एवढं मनाला लावून घ्यायची काय गरज होती?

सोमवार, १० मार्च.
सर्जन स्वतः लॅबमध्ये आला. मोबाईलवर फोटो: माझी बरणी, माझा तुकडा, शेजारी पट्टी. भरपूर मोठा होता. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मी पाण्याचं सांगितलं, जुन्या रंगाचं सांगितलं, कामाच्या बोज्याचं सांगितलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, त्या माणसाची नडगी आता पुन्हा फोडावी लागणार आहे, आणि गाठ वाईट असेल तर गेलेला आठवडा तुम्ही परत आणून देणार आहात का?
 मी माझी साडेचार पानं टेबलावर ठेवून आलो.
घरी सगळं कळलंय. बायको ताट वाढते आणि आत निघून जाते.

गुरुवार, १३ मार्च.
मेहुण्याची नडगी पुन्हा फोडली. आधीच पोखरलेलं हाड, म्हणून या वेळी पूर्ण भूल. मी हॉस्पिटलमध्ये जाणार होतो. बायको म्हणाली, तुम्ही नका येऊ. का, असं विचारलं. म्हणाली, त्याने सर्जनकडून शब्द घेतलाय की भावोजींनी बरणीला हात लावायचा नाही. संध्याकाळी कळलं, भूल द्यायच्या आधीही शेवटचं तेच बोलला.
बरणी घड्याळबाईकडे गेली. मी समोरच्या टेबलावर लेबलं चिकटवत होतो. तिने तुकड्याचे पातळ काप केले, एक बाजूला ठेवला, बाकीच्यांवर फॉर्मलिन ओतलं, चोवीस तासांचा टायमर लावला. लेबल मी वाकडं लावलं, पुन्हा काढून सरळ लावलं.

बुधवार, १९ मार्च.
पाच दिवस सौम्य ॲसिडमध्ये. आज तिची नळी स्वच्छ राहिली. तिने मला दाखवली. मला वाटलं टोमणा मारतेय, पण नाही, नुसतीच दाखवली. म्हटलं, माझ्या नखानेही हेच सांगितलं असतं. हे उगाच बोललो.
पापुद्रे उद्या.

शनिवार, २२ मार्च.
ऑर्डर निघाली. एक तारखेपासून इन्चार्ज घड्याळबाई. माझ्याकडे नमुने स्वीकारणे आणि लेबलं. बरं झालं, जबाबदारीचं टेन्शन नको. ब्लड प्रेशरलाही चांगलं. माझी साडेचार पानं मात्र भिंतीवर लावलीत, सहाव्या नियमाखाली लाल रेघ मारून. कुणी मारली विचारलं नाही.

मंगळवार, २५ मार्च.
सकाळी रजिस्टर चाळताना दिसलं. मेहुण्याचा रिपोर्ट. साधी गाठ. पाय शाबूत. तारीख कालची, सही मॅडमची, वेळ अकरा.
खुर्चीत बसलोच.  गेले पंधरा दिवस मी रोज त्याला एका पायावर बघत होतो, हे इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.
बायकोला फोन केला, अगं, साधी गाठ आहे! ती म्हणाली, हो, काल दुपारीच कळलं, आई पेढे वाटून आली. मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, तुम्ही माझ्या डोक्यातच आला नाहीत. म्हणजे, तुम्हाला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.
मग मेहुण्याला लावला. म्हटलं, माफी मागून टाकू, एकदाच, सरळ. फोन सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, झोपलाय हो तो, औषध घेऊन. मागे त्याचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं, कुणाला तरी लिफ्टची गोष्ट सांगत होता.
मी म्हटलं, झोपू दे, उठवू नका.