साचा तुझा, बंदूक माझी

कोल्ड स्प्रिंग खोरं, केंटकी
१४ ऑगस्ट १९७८

ती. व्हर्लिनदादास,
डेल्फियाचा सा. न. वि. वि.

तुझा गोळ्यांचा डबा शनिवारी पोचला. पोस्टमन म्हणाला, तुमचा भाऊ ओहायोतून दरवर्षी दगड पाठवतो की काय? मी म्हटलं, दगड नाही बाबा, शिसं आहे, आणि अशी ओझी येतात म्हणून तुझी नोकरी टिकून आहे. इकडे मका काढून झाला. शेंगा दोऱ्यात ओवून ओसरीवर वाळत टाकल्यात. आमच्या घरधन्याचा, एस्टिलचा, खोकला होता तसाच आहे, पण खाणीतली नोकरी सुटल्यापासून बडबड दुप्पट झालीय.

आता मुद्द्याचं. दादा, या गोळ्या तू ओतलेल्या वाटत नाहीत. जवळजवळ प्रत्येकीच्या पोटाभोवती शिवण आलीय, चक्क नखाला लागते. साठातल्या सत्तावन्न अशा. साच्याचे दोन ठोकळे नीट मिटत नाहीत, एवढं मलाही कळतं. बाबांच्या बंदुकीच्या नळीचं माप जगावेगळं, दुकानातली गोळी तिला चालत नाही, आणि ऑक्टोबरच्या चौदाला आपली नेमबाजीची शर्यत. नेहमीसारखं पालथं पडून, ओंडक्यावर बंदूक टेकवून दहा गोळ्या मारायच्या. मी काय हरभरे मारू?

बाबांनी मरताना बंदूक मला दिली नि साचा तुला, तेव्हा चुलतभाऊ डेल्बर्ट म्हणाला होता, म्हाताऱ्यानं एकाला चणे दिले नि दुसऱ्याला दात. बाबा म्हणाले, म्हणूनच दिले, आता ही दोघं एकमेकांना सोडून जातात कुठे! तेव्हा साचा जरा उजेडात धरून बघ. इमोजीनवहिनीला नमस्कार.

माया आहे, तिला गंज चढू देऊ नये.
तुझी,
डेल्फी


डेटन, ओहायो
२२ ऑगस्ट १९७८

चि. सौ. डेल्फीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. एकतीस वर्षं मी कारखान्यात साचेच घडवले. माझ्या हाताखालून गेलेल्या लोखंडात केसभर फट सापडली नाही. आणि तू, जिला लहानपणी मक्याच्या भाकरीचा तवा तापला की नाही हे कळत नसे, ती मला शिवण दाखवणार! नख वाढलं असेल तुझं, कापून टाक.

साच्याला काहीही झालेलं नाही. या खेपेला शिसं जरा जास्त तापलं असेल, बस्स. सवड झाली की दुसरा डबा पाठवतो. एस्टिलला म्हणावं, बडबड कमी कर, श्वास पुरेल. इथे माझी तब्येत ठणठणीत आहे.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. राग मानू नये, मानलास तर लिहून कळवावे.
तुझा,
व्हर्लिनदादा


डेटन
२४ ऑगस्ट १९७८

सौ. डेल्फियावन्सं यांस,
इमोजीनचा स. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. वाचून चुलीत घाला.

तब्येत ठणठणीत वगैरे काही नाही हो. एप्रिलात यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं (ते जातंय कुठलं!), पाय सुधारला, पण डाव्या हाताला पकडच नाही. साच्याच्या मुठी डाव्या हातात घट्ट दाबून धराव्या लागतात ना, तिथेच गाडं अडतं. साचा गुडघ्यात धरून शिसं ओततात. दोनदा पॅन्ट जाळून घेतली. जुलैत एक गोळी साच्यात अडकली, काही केल्या सुटेना. चिडले नि हातोडी घेऊन ठोकळ्यावरच हाणली. पोलादी हातोडी, वन्सं! तुमच्या बाबांचा तो नियम यांनीच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवला होता, की ठोकायचं ते फक्त बिजागरीला, आणि तेही हिकरीच्या लाकडाच्या काठीनं. त्या दिवशी जेवले नाहीत.

मला बजावून ठेवलंय, डेल्फीला कळता कामा नये, ती साचा मागून घेईल. तो गेला की या घरात बाबांचं काही उरत नाही, असं म्हणतात. मी काय करू ते तुम्हीच सांगा.

तुमची माया आहे म्हणून लिहायचं धाडस केलं, ती अशीच राहू द्यावी.
तुमची,
इमोजीनवहिनी


कोल्ड स्प्रिंग खोरं
१ सप्टेंबर १९७८

ती. व्हर्लिनदादास,
सा. न. वि. वि.

मला कुणी काही सांगितलेलं नाही. गोळ्यांनी सांगितलं. शिसं जास्त तापलं तर गोळी पांढुरकी होते, तिला शिवण येत नाही. हे तूच मला शिकवलंस, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. खोटं बोलायचं तर निदान मला शिकवलेलं तरी आठवून बोलावं!

साचा पाठव. मी दुरुस्त करते. कसं करायचं ते लिहून पाठव, शिव्यांसकट पाठवलंस तरी चालेल. आणि डावा हात कसा आहे तेही लिही. इतकी वर्षं तुझी पत्रं वाचतेय. डाव्या हातानं दाबून न धरलेला कागद मला ओळखू येतो. ओळी सगळ्या डोंगर उतरतायत.

रागावलेय. तरी वाट पाहतेय.
डेल्फी


डेटन
९ सप्टेंबर १९७८

चि. सौ. डेल्फीस,
अनेक आशीर्वाद.

साचा सोबतच्या पेटीत आहे. बांधायला मला अख्खा दिवस लागला.

हो, हातोडी मी मारली. लाज वाटते. शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर मी त्याला त्याच पावली घरी पाठवला असता. उजव्या ठोकळ्याच्या कडेला खोक पडलीय, तिच्याभोवती लोखंड वर उठलंय. तेच ठोकळ्यांना मिटू देत नाही. धार लावायचा बारीक दगड घे, तेल लाव, ठोकळ्याच्या तोंडावर सपाट ठेव आणि फक्त उठलेलं तेवढं घास. खड्डा राहू दे. गोळीच्या पोकळीला बोटसुद्धा लावायचं नाही. दर चार घासांनी दोन्ही ठोकळे मिटून दिव्यासमोर धर. उजेड दिसायचा थांबला की तूही थांब. आणखी जरासं, आणखी जरासं म्हणत माणसं साचे मारतात. मग साबणानं धू, तेलाचा टिपूस राहता कामा नये.

डेल्फी, बंदुकीचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण वर्षातून एकदा शिसं वितळलं, तो वास आला, की मी त्या खोऱ्यात असायचो. आता बाबांची वाटणी मोडली. दोन्ही तुझ्याकडे. गोळ्याच पाठवायच्या नाहीत, तर तुला माझ्या पत्राचं काम काय?

सांभाळून घे. साच्यालाही.
व्हर्लिनदादा


कोल्ड स्प्रिंग खोरं
१७ ऑक्टोबर १९७८

ती. व्हर्लिनदादास,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण बातम्या साठवून आणल्यात.

साचा दोन संध्याकाळींत बरा झाला. एस्टिल दिवा धरून उभा, आणि तोंड चालू. मी म्हटलं, दिवा हलला तर तुलाच घासीन. उजेड दिसायचा थांबला तिथे थांबले. हात पुढे शिवशिवत होता, पण थांबले. पहिल्या वीस गोळ्या वाळवलेल्या सफरचंदासारख्या सुरकुतल्या. तेल राहिलं म्हणून घाबरले, मग आठवलं, साचाच गार होता. परत भांड्यात टाकल्या. पुढच्या अशा निघाल्या की डेल्बर्टनं एक उचलून जिभेवर फिरवली नि म्हणाला, शिवण कुठाय? मी म्हटलं, आधी थुंक, विष आहे ते.

शर्यतीत दुसरी आले. डेल्बर्ट तिसरा, म्हणजे मला पहिल्याचीच गोडी. बक्षिसाची डुकराची खारवलेली मांडी धुरात टांगलीय, निम्मी तुमची.

आता नीट वाच. साचा मी परत पाठवणार नाही. त्याला दोन धडधाकट हात लागतात, ते सध्या माझ्याकडे आहेत. पण तू लिहिलंस ना, दोन्ही माझ्याकडे आली, वाटणी मोडली? मी जिवंत असेपर्यंत बाबांची वाटणी मोडत नाही! बंदूक काल तेल लावून ब्लँकेटात गुंडाळली. गुरुवारी डेल्बर्ट त्याच्या ट्रकमधून तुझ्या दारात आणून देईल. ओंडक्यावर टेकलेल्या बंदुकीला डावा हात लागत नाही, दादा. नळीचा भार लाकूड घेतं. माणसाचा एक डोळा आणि उजव्या हाताचं एक बोट, एवढंच काम; बार भरून द्यायला वहिनी आहेच. वसंतातली शर्यत मेच्या सहाला आहे, नाव मी देऊन आलेय. पालथं तू आपला आपण पडशील. उठवायला दोघं लागतील, ते मी ठरवून ठेवलेत.

रोज सराव कर. गोळ्या मी पाठवीन, दर महिन्याला एक डबा. एकाही गोळीला शिवण दिसली तर लगेच लिहायचं. नाही दिसली, तरी लिहायचं.

तुझी,
डेल्फी