बशीतले जुळे

सोमवार, ४ ऑक्टोबर

गेली एकदाची ती माळ. काचेचे अकरा मणी, समोरच्या दातांच्या डॉक्टरणीच्या आईसाठी. काकूंना दोन वर्षांपासून दिसत नाही, त्यामुळे माझ्या रंगांचं कौतुक शून्य. त्यांना प्रत्येक मणी म्हणजे घरातलं एक माणूस हवं होतं, बोटांना ओळखू येईल असं. महिनाभर फर्माईश चालली होती. "थोरल्या बहिणीला काटे काढ. बोथट नकोत, ती बोथट नव्हती." "धाकटा दीर गुळगुळीत कर. तो कधी कुणाच्या हाती लागलाच नाही." नवऱ्याचा मणी सगळ्यात मोठा, वर बिनरंगी काचेचा जाड थर – "आत काय चाललंय ते दिसायचं, पण हात पोचायचा नाही." काकूंनी हा धंदा केला असता तर मी उपाशी मेले असते.

डॉक्टरीण दुपारी एकला येणार होती, ती बाराच्या आधीच दारात. "आज आईचा वाढदिवस, जेवायच्या आधी देते." उघडली भट्टी. मणी ज्यांवर घडवले त्या सळया कोमट होत्या. पंख्याखाली धरल्या, मणी सोडवले, ओवले, दिले. "फुटणार नाहीत ना?" म्हणाली. मी म्हटलं, "माझे मणी फुटत नाहीत. फुटतात ते बाजारातले."

नेहमीप्रमाणे प्रत्येक मण्याचा एक जुळा स्वतःकडे ठेवला. खिडकीतल्या बशीत अकरा जुळे.

बुधवार, ६

वन्संनी माझी कामाची खोली आवरली. पस्तीस वर्षं कचेरीत फायलींना शिस्त लावून माझी ही नणंद निवृत्त झाली, आमच्याकडे राहायला आली, आणि फायली हाताशी नाहीत म्हणून आता आम्हाला शिस्त लावते. काचेच्या कांड्या रंगवार डब्यांत. बिनरंगी सगळ्या एकाच डब्यात, उभ्या, सरळ. बघत राहावं असं.

बघत राहिले आणि घाम फुटला. माझ्याकडे बिनरंगी कांड्या दोन जातींच्या. दिसायला सख्ख्या बहिणी. पण निवताना एक जास्त आक्रसते, दुसरी कमी. एका मण्यात दोघी आल्या की चार दिवस गुण्यागोविंदानं नांदतात, मग मणी तडकतो. लाल चिठ्ठी बांधून वेगळा ठेवलेला गठ्ठा जागेवर नव्हता.

"कधी आवरलंत हे?"

"आजच नाही काही. आठवडाभर थोडं थोडं."

आठवडाभर. म्हणजे माळ करायच्या आधीपासून.

गुरुवार, ७

बशी शांत.

शुक्रवार, ८

बशी शांत. दहा-बारा वेळा जाऊन पाहिली. वन्सं म्हणाल्या, "दूध ठेवलंय का तिथे?"

शनिवार, ९

वाजली.

दुपारी भाजी निवडत होतो. टिच् – नखावर नख उडवल्यासारखं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुमची बशी वाजली."

काकूंच्या नवऱ्याचा जुळा. भोकापासून तिरका तडा, खालपर्यंत. बोट फिरवून पाहिलं. धार आहे.

ह्यांना सांगितलं. "काच आहे, फुटणारच," म्हणाले. सव्वीस वर्षांच्या संसारातला हा त्यांचा सर्वांत सविस्तर सल्ला.

समोरच्या पहिल्या मजल्यावर काकू दिवसभर ते मणी कुरवाळत बसतात. न बघता. आज नाही तर उद्या बोट कापेल. सांगायला हवं. उद्या सांगते.

रविवार, १०

दवाखाना बंद. घरी जाऊन कसं सांगायचं? उद्या.

सोमवार, ११

दवाखान्यात गर्दी होती. खिडकीतून दोनदा मोजली. उद्या.

मंगळवार, १२

डॉक्टरीणच रस्त्यात भेटली. "आई माळ हातातून सोडत नाही हो! अंगठा कापलाय तरी. गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा लागला म्हणते."

मी म्हटलं, "जपायला हवं हो या वयात."

जपायला हवं हो. असं बोलणारी दुसरी कुणी भेटली असती तर मी दोन पानं तिची सालं काढली असती.

घरी आले आणि वन्संवर तोंड सोडलं. "तुमच्या आवराआवरीपायी एका आंधळ्या बाईचा हात कापला."  वन्संनी हातातली भाजी निवडून संपवली, टोपली जागेवर ठेवली आणि आत गेल्या. जेवायला आल्या नाहीत.

बुधवार, १३

सकाळी माझ्या टेबलावर बिनरंगी कांड्यांचा डबा. शेजारी वन्सं उभ्या.

"एक काढा." काढली. "बुडाशी बघा."

बुडाशी पिवळा दोरा, गाठ मारलेला. दुसरी काढली, दोरा नाही. तिसरीला आहे.

"लाल चिठ्ठीच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकीला दोरा बांधूनच डब्यात ठेवलीय. चौदा होत्या. मोजा."

चौदा. चौदाही कांड्यांची टोकं जशी आली तशी. एकही ज्योतीला लागलेली नाही, म्हणजे माळेत गेलेली नाही.

"मी फायली मिसळत नसते, वहिनी."

मग तडकला कशानं? मागची पानं उलटली. सोमवार, ४. 'सळया कोमट होत्या.' कोमट. चिमट्यानं धरल्या होत्या मी त्या. कोमट वस्तू चिमट्यानं कोण धरतं? मणी भट्टीतच सावकाश निवायला हवेत, सबंध रात्र, वर अर्धा दिवस. शिकायला येणाऱ्या बायकांना पहिल्याच दिवशी दटावते – ज्यांना भट्टीचं दार उघडायचा मोह होईल त्यांनी आपलं घरी जावं. आणि मी कुठे, तर पंख्याखाली.

म्हणजे एक मणी नाही. अकराच्या अकरा कच्चे.

स्वतःच्याच रोजनिशीला थापा मारणाऱ्या पुष्कळ असतील. त्याच रोजनिशीत पकडली गेलेली मीच.

वन्संना म्हटलं, "चुकलं माझं. सगळंच."

"चहा घ्या आणि जा."

"कुठे?"

"ते तुम्हाला शनिवारपासून माहीत आहे."

गुरुवार, १४

काल जिना अर्धा चढून परत आले. आज पूर्ण चढले.

काकू खिडकीशी. मांडीवर माळ, अंगठ्याला पट्टी. वाक्यं पाठ करून गेले होते. तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "ये गं, तुलाच विचारायचं होतं. आमच्या ह्यांच्या हनुवटीवरची खोक तुला कुणी सांगितली?"

"कसली खोक?"

"सायकलवरून पडले होते ती. ही बघ." बोट बरोबर तड्यावर. "चार-पाच दिवसांनी सापडली मला. आधी लागलीच नव्हती हाताला, इतकी बारीक केलीस. त्यांची खोक अश्शीच होती. थोडी लागते बोटाला, पण लेकीला बोलले नाही. ती काढून घेईल."

इथे गप्प बसून कौतुक पदरात पाडून घरी येता आलं असतं. मोह झाला. लिहून ठेवते, थापा आता बंद. मग सगळं सांगितलं. भट्टी, पंखा, माझी बढाई, पाच दिवसांचं 'उद्या'. म्हटलं, बाकीचे दहा पुन्हा भट्टीत घालून नीट निववते, ते पक्के होतील. हा मात्र गेला.

काकू बराच वेळ मणी फिरवत राहिल्या.

"म्हणजे खोक तू नाही पाडलीस."

"नाही."

"मग त्यांची त्यांनीच पाडून घेतली. तेव्हाही सांगत होते, सायकल हळू चालवा."

दहा मणी त्यांनी मला दिले. अकरावा कापसात गुंडाळून स्वतःच्या डबीत ठेवला. मी नवा करून नेला की तो मला मिळेल. पण खोक हवी, त्याच बाजूला, अंगठा कापणार नाही अशी. "आणि कोरून आणू नकोस. कोरलेलं मला कळतं."

सोमवार, १८

दहा मणी पक्के होऊन काकूंकडे पोचले. नवऱ्याचे सहा केले. सहाही भट्टीतून वेळेआधी काढले, चिमट्यानं धरून, पंख्याखाली. तडा आपोआप गेला की ज्योतीवर फिरवून धार तेवढी मारायची. बशीत मांडले. वन्सं भाजी घेऊन खिडकीशीच बसतात आता.

सोमवार, २५

डॉक्टरणीकडून रोज निरोप – "आई विचारते, पडले का सायकलवरून?"

बशी शांत. सहातला एकही नाही. माझे मणी फुटत नाहीत.